धुऱ्यावरचं चाहूलयंत्र: दोन सेन्सर, एक हॉर्न आणि घरी शिकायची सराव-फळी

रात्रीच्या जागलीला मदत म्हणून वावरात हालचाल टिपणारं यंत्र बसवणं अवघड नाही. सेन्सर, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि हॉर्न जोडले की ते वाजायला लागतं. अवघड आहे ते नको तेव्हा न वाजू देणं. एका रात्रीत वाऱ्याने चार वेळा हॉर्न वाजवला की जागलकरी पाचव्या वेळी बटण बंद करून झोपतो, आणि रानडुकरं नेमकी त्यानंतर येतात. म्हणून इथली सगळी मांडणी खोटे इशारे गाळण्याभोवती केली आहे. हॉर्न, दिवा आणि बॅटरी यांचा विचार त्यानंतर.

आधी वाट शोधा. एक एकर चौकोनी वावराची एक बाजू सुमारे ६४ मीटर आणि चारी धुरे मिळून साधारण २५५ मीटर भरतात. इथे वापरलेले सेन्सर पाच ते सहा मीटरपर्यंतच भरवशाने टिपतात, त्यामुळे सगळा धुरा झाकायला जाऊ नका. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) कुठूनही शिरत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात. नाल्याकडची खचलेली जागा, झुडपाखालचं भगदाड, कुंपणाच्या तारेला अडकलेले राठ केस, उकरलेली माती या खुणा पाहा. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, तो ढीग दिसला तर त्याची वाट जवळच आहे. सकाळी ओल असताना दोन-तीन दिवस फिरलात तर बहुतेक वावरांत अशा दोन-तीनच जागा निघतील. दोन जागांपासून सुरुवात करा.

दोन सेन्सर का

स्वस्तात सहज मिळणारे सेन्सर दोन प्रकारचे. पहिला पीआयआर, म्हणजे अंगाची उष्णता हलताना टिपणारा. त्याचं एचसी-एसआर५०१ हे मॉड्यूल सगळीकडे मिळतं. त्याच्या आत उष्णता ओळखणारे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. ऊबदार जनावर आधी एकासमोर आणि मग दुसऱ्यासमोर आलं की फरक पडतो आणि सेन्सर जागा होतो. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. जनावर सेन्सरच्या दिशेने सरळ चालत आलं तर तो उशिरा जागा होतो, आडवं गेलं तर लगेच. आणि जनावर व मागची जमीन सारख्याच तापलेल्या असतील तर तो आंधळा होतो. हरभरा-गव्हाच्या थंड रात्री तो उत्तम चालतो. एप्रिल-मेमध्ये मात्र दिवसभर तापलेली जमीन रात्री उशिरापर्यंत निवत नाही. उन्हाळी भुईमूग राखताना त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा रडार सेन्सर, मॉड्यूल आरसीडब्ल्यूएल-०५१६. हा सुमारे ३.२ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीतला बदल ओळखतो. उष्णतेशी त्याला देणंघेणं नाही. तो प्लास्टिकच्या डब्यातूनही पाहतो. पण वाऱ्याने डोलणारी पऱ्हाटी आणि पावसाची धार त्याला जनावरासारखीच दिसते.

यंत्राचा जीव इथे आहे: या दोघांच्या चुका वेगवेगळ्या आहेत. रात्री हलणारं पान आजूबाजूच्या हवेइतकंच थंड असतं, म्हणून रडार फसतो पण पीआयआर गप्प राहतो. भिंगावरून किडा चालला की पीआयआर फसतो, रडार सहसा गप्प असतो. दोघांनी चार सेकंदांच्या आत होकार दिला तरच हॉर्न, असा नियम घातला की बहुतेक खोटे इशारे गळतात.

लागणारं सामान

दोन खांबांसाठी पीआयआर २, रडार २, बीसी५४७ ट्रान्झिस्टर ४, १० किलोओहमचे रोध (रेझिस्टर) ४, १एन४००७ डायोड २, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे कपॅसिटर २, आणि पांढरे पीव्हीसी जंक्शन बॉक्स २.

नियंत्रण पेटीसाठी अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) १, एलएम२५९६ चं व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल १, गाडीचा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा रिले २, २एन२२२२ ट्रान्झिस्टर २, ४७० ओहमचे रोध २, १एन४००७ डायोड २, एलडीआर (उजेड-अंधार ओळखणारा रोध) १, चार-पाच एलईडी, ४.७ किलोओहम व १ किलोओहमचे रोध आणि ५.१ व्होल्टचे झेनर (जादा व्होल्टेज अडवणारे डायोड) प्रत्येकी ४. बॅटरी मोजण्यासाठी ३० किलोओहम आणि १० किलोओहमचा एकेक रोध.

बाकी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, १० वॉटचं सोलर पॅनल, छोटा चार्ज कंट्रोलर, मोटरसायकलचा हॉर्न, १० वॉटचा १२ व्होल्ट एलईडी दिवा, ७.५ अँपिअरचा फ्यूज, चार पदरी केबल. नागपूर-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत हे सगळं मिळतं. रिले, हॉर्न आणि फ्यूज तालुक्याच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातही मिळतील.

सेन्सरचा खांब

खांब बाभळीचा किंवा सागाचा, पाच फूट लांब, दीड फूट जमिनीत. बांबू नको. बांबू डोलतो आणि त्यावरच्या रडारला सगळी जमीनच हलताना दिसते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो. म्हणून खड्डा रुंद खणा, खांबाभोवती मुरूम भरून ठोका. खांब कलला की सेन्सरची नजर आभाळाकडे किंवा पायाशी जाते आणि यंत्र बिघडलं असं वाटत राहतं.

खांब वाटेपासून तीन मीटर बाजूला, सेन्सरचं तोंड वाटेला आडवं. उंची जमिनीपासून अडीच फूट. जमलं तर तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे मावळतीचं ऊन थेट भिंगावर येत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे पडतील अशा दिशेला तोंड नको. समोरचा दोन मीटरचा पट्टा खुरपून मोकळा ठेवा. जुलैमध्ये बसवलेल्या खांबासमोर ऑक्टोबरात तूर डोक्याच्या वर जाते, याचा विचार बसवतानाच करा.

जंक्शन बॉक्सला २३ मिलिमीटरचं भोक पाडून पीआयआरचं पांढरं भिंग बाहेर काढा आणि कडेने सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते टाळा. इथली हमखास चूक म्हणजे पाणी जाऊ नये म्हणून भिंगासमोर काच किंवा ॲक्रिलिकचा तुकडा लावणं. आपल्याला त्यातून आरपार दिसतं, पण अंगाची उष्णता ज्या किरणांतून येते ती काच अडवते. सेन्सर मग काहीच टिपत नाही. रडार मात्र डब्याच्या आतच ठेवा, पार्ट लावलेली बाजू वाटेकडे, समोर किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा. त्याच्या आजूबाजूला पत्रा नको. पावसाची झड अडवायला पाच लिटरच्या तेलाच्या प्लास्टिक कॅनचा अर्धा भाग छप्पर म्हणून पुरतो. दोन खांबांचे रडार एकमेकांपासून मीटरभर तरी लांब हवेत, नाहीतर ते एकमेकांत ढवळाढवळ करतात. डब्याच्या तळाला तीन मिलिमीटरचं भोक ठेवा, आत साचलेलं दव तिथून निघून जातं.

ससा, मांजर, उंदीर यांनी पीआयआर जागा होऊ नये म्हणून भिंगाचा खालचा तिसरा हिस्सा आतून ॲल्युमिनिअमच्या चिकटपट्टीने झाका. कुत्रा यातूनही सुटणार नाही. तेवढं सोसावं लागतं.

पीआयआरवरचा वेळेचा स्क्रू सगळ्यात कमीवर, म्हणजे साधारण तीन सेकंदांवर. संवेदनेचा स्क्रू मध्यावर. जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एच खुणेवर.

लांब तारेचा प्रश्न

दोन्ही सेन्सर १२ व्होल्टवर चालतात, पण त्यांचा इशारा ३.३ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टवरचा नॅनो ३ व्होल्टच्या वरच्यालाच खात्रीने 'हो' समजतो. इतकी कमी फट तीस मीटर तारेवर पुरत नाही, घरच्या टेबलावर चाललेलं यंत्र वावरात मुकं होतं ते यामुळे. उपाय सोपा आहे. सेन्सरचा इशारा १० किलोओहममधून बीसी५४७ च्या बेस या पायाला द्या, एमिटरचा पाय ऋण तारेला आणि कलेक्टरचा पाय केबलमधून नॅनोकडे. नॅनोच्या टोकाला ४.७ किलोओहमचा रोध ५ व्होल्टकडे जोडा. आता सेन्सर जागा झाला की तार शून्यावर येते, एरवी ५ व्होल्टवर असते. पिनच्या आधी १ किलोओहम आणि पिनपासून ऋण तारेपर्यंत ५.१ व्होल्टचा झेनर लावा, दूरच्या विजेचा झटका त्यात जिरतो. वीज जवळ पडली तर काहीच वाचत नाही.

खांबाच्या डब्यात धन तारेत १एन४००७ आणि त्यानंतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. हॉर्न वाजला की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दबतं, हे नसतील तर त्या धक्क्याने पीआयआर स्वतःच जागा होतो आणि हॉर्न स्वतःच्याच धक्क्याने पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

केबल ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर नळीतून ओढा आणि धुऱ्याच्या कडेने वीतभर खोल पुरा. उंदरांपासून आणि डवऱ्यापासून ती तिथेच वाचते.

हॉर्नची तार मात्र कधीच लांब नेऊ नका. हॉर्न सुमारे ४ अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पन्नास मीटर नेली तर जाऊन-येऊन सुमारे १.२ ओहम रोध होतो आणि पावणेपाच व्होल्ट तारेतच जातात. हॉर्न मग नुसता घरघरतो. बॅटरी, पेटी आणि हॉर्न एका जागी ठेवा, सेन्सरची बारीक तार हवी तितकी लांब जाऊ द्या.

नियंत्रण पेटी

नॅनो जोडण्याआधी एलएम२५९६ चं व्होल्टेज मल्टिमीटरने बरोबर ५ वर आणा. नवीन मॉड्यूल कितीवर असेल याचा भरवसा नसतो आणि त्याचा स्क्रू पुष्कळ फेरे फिरवावा लागतो. हे विसरल्यामुळे पहिल्याच मिनिटाला नॅनो जळतो. संगणकाची तार नॅनोला लावताना हा पुरवठा काढून ठेवा.

गाडीच्या रिलेची कॉइल साधारण १५० मिलिअँपिअर ओढते. बीसी५४७ ला शंभरच झेपतात, म्हणून इथे २एन२२२२ आणि बेसला ४७० ओहम. कॉइलवर १एन४००७ उलटा, त्याची पांढरी रेघ धन बाजूला. डायोड विसरला तर रिले सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टर मारतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभरात हवा. पेटीजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवत नाही.

बॅटरीचं व्होल्टेज ३० आणि १० किलोओहमच्या जोडीतून चौथाई करून नॅनोला द्या. १२ व्होल्टला आकडा ६१४ च्या जवळ येतो, ११.८ ला ६०४. हॉर्न गप्प असताना ११.८ च्या खाली गेलं तर दिवा बंद करून फक्त हॉर्न चालू ठेवा. ११.५ च्या खाली सगळंच थांबवा, नाहीतर बॅटरी एका मोसमात संपते.

वीज किती लागते ते पाहा. पेटी आणि सेन्सर मिळून सुमारे २५ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-तास. रात्रीत वीस वेळा दहा-दहा सेकंद हॉर्न म्हणजे ०.२२, अर्धा-अर्धा मिनिट दिवा म्हणजे ०.१४. एकूण एकच्या आसपास. बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तरी ऊन नसताना तीन दिवस निघतात. उघड्या उन्हात १० वॉटचं पॅनल याच्या दुप्पट भरतं, श्रावणाच्या झडीत मात्र पुरणार नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा बॅटरी घरी आणून भरा.

प्रोग्राममधले नियम

चालू केल्यावर पहिली ९० सेकंद काही मोजू नये. पीआयआरला स्थिरावायला मिनिटभर लागतं.

एलडीआरने अंधार सलग दहा मिनिटं सांगितला की रात्र समजावी, आणि उजेडही सलग दहा मिनिटं सांगितला तरच दिवस. नाहीतर आपलाच दिवा एलडीआरवर पडून यंत्राला सकाळ झाल्यासारखं वाटतं.

प्रत्येक तार 'शेवटची कधी शून्यावर होती' ती वेळ जपावी. 'नुकतीच शून्यावर आली का' एवढंच पाहणारा प्रोग्राम जोराच्या वाऱ्यात चुकतो. तेव्हा रडारची तार सतत शून्यावरच असते, नवा बदल होत नाही आणि खरं डुक्कर आलं तरी नोंद होत नाही.

एकाच खांबाच्या दोन्ही वेळांत चार सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर इशारा पक्का. आधी दिवा, मग दोन सेकंदांचा हॉर्न तीन ते सहा वेळा, मधली थांब एक ते तीन सेकंद. किती वेळा वाजायचं, किती थांबायचं हे दर वेळी यंत्राने चिठ्ठी काढल्यासारखं ठरवावं. एकाच तालाला जनावर काही दिवसांत सरावतं. त्यासाठीच हॉर्नची जागाही आठवड्याला बदला. हॉर्न थांबल्यावर वीस सेकंद कोणताही इशारा घेऊ नये.

पीआयआरची तार सलग दहा मिनिटं शून्यावर राहिली तर बिघाडाचा लाल दिवा लावून तो सेन्सर मोजणीतून काढावा. रडारला अर्धा तास द्या, कारण वारा तेवढा वेळ वाहू शकतो. रडार बाद झाला तर दहा सेकंदांत दोनदा पीआयआर, हा तात्पुरता नियम.

उन्हाळ्यासाठी पेटीवर एक वेगळं बटण ठेवा. त्यात वाटेवर आठ-दहा मीटर अंतराने लावलेले दोन रडार पंधरा सेकंदांत बाहेरून आत अशाच क्रमाने जागे झाले तर हॉर्न. वारा असला की यात खोटे इशारे वाढतात, म्हणून हे बटण फक्त तापलेल्या रात्रींसाठी.

सराव-फळी

पेटी तयार झाली म्हणून थेट वावरात नेऊ नका. जो माणूस जागल करणार आहे त्याने बिघाड ओळखायला उजेडात, घरी शिकायला हवं. रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून कोणी शिकत नाही.

दोन फूट बाय दीड फूट प्लायवूडवर दुसरा नॅनो बसवा. हा खोटी रात्र तयार करतो. त्याच्या चार पिना बीसी५४७ मधून, अगदी खांबासारख्याच, चार पदरी केबलच्या तशाच सॉकेटवर आणा, म्हणजे खांबाची केबल काढून फळीची लावता येते आणि पेटीला फरक कळत नाही. हॉर्नच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा, नाहीतर शेजारी तक्रार करतील. पिवळे एलईडी रडारचे, हिरवे पीआयआरचे.

फळीवरच्या पाच बटणांनी पाच देखावे दाखवा. वारा: रडार दोन ते आठ सेकंद जागा, मध्येच थांब, पीआयआर गप्प, बल्ब पेटता कामा नये. भिंगावरचा किडा: पीआयआर एकटा, बल्ब पेटता कामा नये. डुक्कर: रडार आणि एक ते तीन सेकंदांनी पीआयआर, बल्ब पेटायलाच हवा. कळप: चार मिनिटं दोन्ही पुन्हा पुन्हा, इथे वीस सेकंदांची विश्रांती दिसली पाहिजे. आणि डब्यात पाणी: एक तार कायम शून्यावर, यात ठरल्या वेळी लाल दिवा लागला पाहिजे. सरावापुरती ही वेळ एका मिनिटावर आणा. एक जरी देखावा चुकला तर प्रोग्राम सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फळीच्या मागे लपवलेली चार बटणं बिघाड घालतात: पीआयआरची तार तोडणारं, सेन्सरचा १२ व्होल्ट पुरवठा तोडणारं, एलडीआरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून कायम दिवस दाखवणारं, आणि बल्बच्या वाटेत ४.७ ओहम १० वॉटचा रोध आणणारं. शेवटचं सगळ्यात शिकवणारं आहे. बल्ब पेटतो पण मंद, म्हणजे वावरातल्या गंजलेल्या जोडासारखंच. शिकणाऱ्याने मल्टिमीटर आधी बॅटरीवर, मग फ्यूजच्या पुढे, मग रिलेच्या पुढे, शेवटी बल्बच्या दोन्ही टोकांवर लावायचा. जिथे दोन मोजमापांत व्होल्टेज एकदम घसरलं, तिथे खोट. हा मोठा रोध चांगलाच तापतो, प्लायवूडपासून दोन सेंटिमीटर वर उचलून लावा. एकाने बिघाड घालावा, दुसऱ्याने दहा मिनिटांत शोधावा. चारही बिघाड एकही पार्ट न बदलता सापडायला लागले की तो माणूस वावरात यंत्र सांभाळेल.

वावरात बसवल्यावर

रोज दिवस मावळल्यावर पेटी चालू करून प्रत्येक वाटेवरून एकदा आडवं चाला. तुटलेली तार आणि गप्प वावर पेटीला सारखेच दिसतात, ते ओळखण्याचा हाच उपाय आहे. वाकून किंवा रांगत चालून पाहा. उभ्या माणसाला टिपणारा सेन्सर डुकराच्या उंचीवर चुकू शकतो.

हॉर्न वाजला म्हणून अंधारात एकट्याने नाल्याकडे धावू नका. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत त्या वाटेवर वाघ-बिबट्याही असू शकतो, आणि सेन्सर डुक्कर व बिबट्या यांत फरक करत नाही. मचाणावरूनच टॉर्च मारा, आवाज द्या.

या पेटीचा रिले कधीही कुंपणाच्या तारेत घरगुती किंवा पंपाची वीज सोडायला वापरू नका. त्याने जनावराइतकीच माणसंही मरतात आणि तो गुन्हा आहे. हे यंत्र १२ व्होल्टवरच ठेवायचं आहे.

आठवड्याला भिंग ओल्या फडक्याने पुसा, जाळी काढा, डब्यात मुंग्यांनी घर केलं का ते पाहा. उन्हाळी पीक नसेल तर हरभरा निघाल्यावर सेन्सर काढून घरी आणा, केबल पुरलेलीच राहू द्या आणि तिच्या टोकांना ग्रीस लावून प्लास्टिक बांधा. बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा भरा. पावसाळ्यापर्यंत तशीच पडली तर पुढच्या मोसमाला ती चार्ज धरणार नाही.